एक दिवसाची पिल्ले घरी आणताना

श्रावणातील एका संध्याकाळी भोर तालुक्यातील डोंगरकडेच्या एका वस्तीवर, बाजूंना भोके पाडलेला पुठ्ठ्याचा एक खोका एस. टी. ने येऊन पोचला. खोक्यात सुधारित जातीची पन्नास पिल्ले होती. त्या घरी कोंबड्या पूर्वापार होत्या. सासूबाईंच्या आठवणीत खुराडे कधी रिकामे राहिले नव्हते. त्यामुळे पिल्ले सांभाळणे ही काही शिकावयाची गोष्ट आहे, असे घरात कोणासच वाटले नाही. पिल्ले ओसरीवर डालग्याखाली डालण्यात आली, पुढे मूठभर कण्या टाकण्यात आल्या, वाटीत पाणी ठेवण्यात आले, आणि वरून गोणपाट घालून घरातील माणसे निजली. रात्री पावसाने जोर धरला. सकाळी डालगे उचलले तेव्हा पिल्लांचा एका कडेला ढीग झालेला होता. वरची जिवंत होती. खालची सतरा गुदमरून मेली होती. आठवडा संपेपर्यंत आणखी बारा गेली. दिवाळीस अंगणात फिरताना दिसली ती सात.

पिल्लांसाठी सुनेने बचत गटातून कर्ज काढले होते. अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघेल, असा तिचा हिशेब होता. सासूबाईंनी मात्र निकाल देऊन टाकला, “विकतचं पिल्लू नाजूकच असायचं. आपल्या गावठीची सर त्याला कुठून येणार?”

हे म्हणणे खेड्यापाड्यांतून सर्रास ऐकावयास मिळते, आणि ते अर्धेच खरे आहे. गावठी पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हा तेही तितकेच नाजूक असते. त्याच्याजवळ आई असते, एवढाच काय तो फरक. उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लाला आई नसते. म्हणून आईची कामे कोणती, हे ज्याने नीट पाहिले असेल त्याला पिल्ले जगविण्याचे शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही.

आई काय करते?

अंडे एकवीस दिवस उबवले की पिल्लू बाहेर येते. त्या वेळी त्याचे वजन पस्तीस ते चाळीस ग्रॅम असते आणि अंगावर पिसे नसून नुसती लव असते. मोठ्या कोंबडीप्रमाणे स्वतःच्या शरीराची उष्णता राखण्याची शक्ती त्याला नसते. ती हळूहळू, पिसे फुटू लागल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी येते. तोपर्यंत खुडूक कोंबडी त्याला पंखांखाली घेते. पिल्ले बाहेर येतात, चार दाणे टिपतात, गारठली की पुन्हा पंखांखाली शिरतात. ऊब हवी तेव्हा मिळते आणि नको तेव्हा तिच्यापासून दूर जाता येते, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. याखेरीज दाणा कोणता आणि खडा कोणता हे ती चोचीने टिपून दाखविते, घार दिसताच आवाज करून पिल्लांना गोळा करते, आणि रात्री त्यांच्यावर बसून राहते.

त्या डालग्याखाली यांपैकी काहीच नव्हते. ऊब नव्हती म्हणून पिल्ले एकमेकांच्या अंगाखाली शिरली. थंडी वाजणारे पिल्लू दुसऱ्या पिल्लालाच आई समजते, आणि खालचे पिल्लू त्या भाराने मरते. पहिल्या रात्रीच्या मृत्यूंचे कारण बहुधा एवढेच असते. त्याला रोगाचे नाव देणे चुकीचे होय.

घरी खुडूक कोंबडी तयार असेल तर तिचा उपयोग अवश्य करून घ्यावा. जी कोंबडी काही दिवस अंड्यांवर नेटाने बसली आहे तिच्याखाली अंधार पडल्यावर एकेक पिल्लू अलगद सरकवावे. सकाळी ती त्यांना आपली म्हणून स्वीकारते. मात्र एका कोंबडीला दहा ते पंधरा पिल्लांपेक्षा अधिक झेपत नाहीत, आणि तिच्या अंगावर उवा-गोचिडी नाहीत हे आधी पाहून घ्यावे लागते. पन्नास पिल्लांसाठी एकाच वेळी चार-पाच कोंबड्या खुडूक मिळणे दुर्मिळच. म्हणून कृत्रिम दाईची योजना करावी लागते.

दाईची तयारी

पुढल्या वर्षी त्याच घराने माघ महिन्यात पुन्हा पन्नास पिल्ले आणली. सासूबाईंचा विरोध होता. परंतु गावच्या पशुसखीने पिल्ले येण्याच्या आधी आठ दिवस घरी येऊन जागा पाहिली, यामुळे सारेच बदलले. ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी. पिल्ले आल्यावर दिलेल्या सल्ल्यापेक्षा ती येण्यापूर्वी दिलेली एक भेट अधिक उपयोगी पडते.

पडवीचा एक कोपरा रिकामा करून भिंतींना चुना लावण्यात आला. उंदरांची बिळे फुटक्या काचा व माती घालून बुजविण्यात आली. जमिनीवर भाताच्या तुसाची दोन ते तीन इंच जाडीची गादी घालण्यात आली. भोर-मुळशीकडे तूस मुबलक मिळते. ज्या भागात ते मिळत नाही तेथे लाकडाचा भुसा किंवा शेंगांची टरफले चालतात, पण ती कोरडी असली पाहिजेत व त्यांना बुरशीचा वास असता कामा नये. गादीवर पहिले तीन-चार दिवस कागद अंथरावा, म्हणजे पिल्ले तूस खात नाहीत. कागद गुळगुळीत नसावा. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात आणि काही पिल्ले कायमची अधू होतात. खरखरीत कागद किंवा स्वच्छ धुतलेले गोणपाट बरे.

या गादीभोवती दीड फूट उंचीच्या पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे गोल कडे उभे करावयाचे. पन्नास पिल्लांसाठी त्याचा व्यास पाच फूट पुरतो. कडे गोलच असावे. चौकोनी जागेत पिल्ले कोपऱ्यांत दाटी करतात. तीन-चार दिवसांनी ते थोडे थोडे रुंदावत न्यावे आणि हवामान पाहून आठ-दहा दिवसांनी काढून टाकावे. पुढे चार आठवड्यांपर्यंत दर पिल्लास अर्धा चौरस फूट व त्यानंतर एक चौरस फूट जागा मिळेल असे पाहावे.

कड्याच्या मध्यावर, जमिनीपासून दीड फुटावर, विजेचे दिवे टांगावयाचे. दर पिल्लामागे एक ते दोन वॅट हे प्रमाण. पन्नास पिल्लांना शंभर वॅटचा एक दिवा पुरेल, परंतु साठ-साठचे दोन लावणे शहाणपणाचे. मध्यरात्री एक गेला तरी दुसरा राहतो. दिव्यांवर बांबूचे उपडे डालगे किंवा पत्र्याचे टोपण अडकविले म्हणजे ऊब खाली राहते. डालगे असल्यास ते दिव्यापासून वीतभर दूर राहील असे पाहावे. येथे अलीकडे सर्वत्र होणारी एक चूक सांगितली पाहिजे. घरोघरी आता एलईडीचे दिवे आले आहेत. ते उजेड भरपूर देतात, ऊब मात्र जवळजवळ देतच नाहीत. कड्यात लख्ख प्रकाश पडला आहे आणि पिल्ले थंडीने कुडकुडत आहेत, असा प्रकार त्यामुळे घडतो. या कामास तारेचा जुना दिवाच हवा, किंवा उष्णतेसाठी मुद्दाम मिळणारा तांबडा दिवा आणावा.

वीज जाणार हे गृहीत धरूनच चालावे. कोळशाची शेगडी वापरावयाची असल्यास ती बाहेर पेटवून, धूर पूर्ण गेल्यावर, सभोवार जाळी लावून आत ठेवावी आणि वरची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीतील शेगडीचा विषारी वायू पिल्लांनाच नव्हे तर शेजारी निजलेल्या माणसांनाही मारतो. त्यापेक्षा गरम पाण्याच्या बाटल्या किंवा तापविलेल्या विटा गोणपाटात गुंडाळून गादीवर ठेवणे निर्धोक. त्या घरी ही युक्ती सासूबाईंनीच काढली. “बाळंतिणीला शेकतात तसंच की हे,” असे त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांचा विरोध मावळला.

पिल्ले येण्याच्या आधी निदान काही तास, थंडीत तर आदल्या रात्रीपासून, दिवे लावून गादी तापवून ठेवावी. वर ऊब असून खाली गादी गार असेल तर पिल्ले पायांतून गारठतात.

पिल्लेच सांगतात

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर पंच्याण्णव अंश फॅरनहाइट, म्हणजे पस्तीस अंश सेल्सिअस उष्णता असावी. नंतर दर आठवड्यास सुमारे पाच अंश फॅरनहाइटने ती कमी करीत जावयाचे. दिवे दर आठवड्यास थोडे वर उचलले की हे आपोआप साधते. तापमापक असल्यास उत्तम. नसल्यास अडत नाही, कारण पिल्ले स्वतःच तापमापकाचे काम करतात. रात्री दहा वाजता व पहाटे चार वाजता, आवाज न करता, कड्याजवळ पाच मिनिटे उभे राहून पाहावे.

पिल्ले दिव्याखाली एकावर एक दाटली असतील आणि कर्कश चिवचिवाट करीत असतील, तर ऊब कमी आहे. दिवा खाली घ्यावा. ती कड्याला चिकटून, चोची उघड्या टाकून, पंख सैल सोडून धापा टाकीत असतील, तर ऊब जास्त आहे. दिवा वर घ्यावा किंवा एक बंद करावा. सगळी एकाच बाजूस जमली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येत आहे. फट शोधून तेथे गोणपाट लावावे. आणि पिल्ले सर्वत्र सारखी पसरलेली, काही खात, काही पीत, काही पाय ताणून निजलेली दिसली, आवाज हलका व समाधानी असला, तर माणसाने जाऊन झोपावे. ही चार चित्रे ज्याच्या ध्यानात बसली त्याची निम्मी पिल्ले वाचलीच म्हणून समजावे. बैठकीत व्याख्यान देण्याऐवजी कार्यकर्त्यांनी चार बायाबापड्यांना रात्री एखाद्या कड्याजवळ नेऊन हे दाखवावे.

वारा आणि हवा यांत मात्र गल्लत करू नये. थंडीच्या भीतीने पडवी चारी बाजूंनी बंद केली तर गादीतून निघणाऱ्या वायूने डोळे झोंबू लागतात. खाली वारा नको, वर हवा खेळती हवी. आत जाणाऱ्या माणसाचे डोळे चुरचुरले की पिल्लांचे हाल काय असतील याची कल्पना यावी.

पाणी आधी, दाणा नंतर

अंड्यातील उरलेला पिवळा बलक बाहेर येण्यापूर्वी पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस तगू शकते. यामुळेच एक दिवसाची पिल्ले लांबवर पाठविता येतात. परंतु याचा अर्थ त्यांना उपाशी ठेवावे असा नव्हे. प्रवासाने ती तहानलेली असतात. खोका उघडताच पिल्लू मोजून घ्यावे, त्याची चोच एकदा पाण्यात बुडवावी आणि मग त्यास कड्यात सोडावे. पाणी उकळून कोमट केलेले असावे व पहिल्या दिवशी त्यात थोडा गूळ विरघळवावा. पन्नास पिल्लांस निदान दोन भांडी हवीत. उथळ भांडे घेऊन त्यात स्वच्छ गोटे टाकले म्हणजे पिल्ले पाण्यात पडून भिजत नाहीत. भिजलेले पिल्लू हे मेल्यातच जमा असते.

पाणी पिऊन तासभर झाल्यावर मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरावा. कागदावर बोटाने टकटक केले की पिल्ले धावून येतात. कोंबडी चोचीने करते तेच हे. दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे तयार खाद्य द्यावे. त्यात सुमारे वीस टक्के प्रथिने असतात, आणि येथेच कण्यांवर वाढविलेल्या पिल्लांचे नुकसान होते. कण्या, ज्वारी, भाकरीचा चुरा यांनी पोट भरते, पण पिसे व स्नायू तयार होण्यास लागणारे द्रव्य त्यात फार थोडे असते. मोकळ्या अंगणात गावठी पिल्लू ही उणीव किडे व वाळवी टिपून भरून काढते. कड्यातील पिल्लास ती सोय नाही. जातीप्रमाणे सहा आठवड्यांत एका पिल्लास एक ते दोन किलो खाद्य लागते, त्याचे पैसे पिल्लांच्या किमतीबरोबरच बाजूस काढून ठेवावेत. ज्यांच्यापाशी ते नसतील त्यांनी पन्नासऐवजी वीस पिल्ले आणावीत.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना घालू नये. त्यातील चुन्याचे प्रमाण पिल्लांच्या मूत्रपिंडांस झेपत नाही. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड, कच्चे सोयाबीन व खारट उष्टे अन्न हीही तशीच घातक. खाद्याचे भांडे अर्ध्यापेक्षा अधिक भरू नये. पिल्ले पायांनी उकरून सांडतात आणि पैसा तुसात जातो.

रोग आणि लस

चांगल्या देखभालीतही शेकडा तीन ते पाच पिल्ले दगावतात, ते मनाला लावून घेऊ नये. त्याहून अधिक मेली तर मात्र कारण शोधले पाहिजे. पहिल्या पंधरवड्यात पांढरी हगवण होऊन, गुदद्वार चिकटून पिल्ले मरू लागली, तर रोग बहुधा आजारी कोंबडीच्या अंड्यातूनच आलेला असतो. म्हणून पिल्ले कोठून आणली याला महत्त्व आहे. पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया, बंगळूरची गिरीराज, या जाती परसातील पालनासाठीच काढलेल्या आहेत. आठवडी बाजारात लाल-हिरव्या रंगांत बुडवून विकावयास येणारी पिल्ले मात्र मुलांच्या हट्टापायी घेऊ नयेत. ती बहुधा अंड्यांच्या जातीतील टाकाऊ नर असतात. त्यांना लस दिलेली नसते, आणि जगली तरी ती अंडे देणार नाहीत.

तिसऱ्या आठवड्यानंतर विष्ठेत रक्त दिसू लागले तर ती रक्ती हगवण. तिचे मूळ ओल्या गादीत असते. पाण्याच्या भांड्याभोवतीचे भिजलेले तूस रोज काढून टाकावे आणि गादी दोन दिवसांआड खालीवर करावी. औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्यावे. माणसांच्या औषधाच्या दुकानातील गोळ्या कुटून पाण्यात घालण्याची खोड वाईट.

सर्वांत भयंकर रोग मानमोडी, म्हणजेच राणीखेत. हिमालयाच्या पायथ्याकडील राणीखेत येथे तो १९२७-२८ च्या सुमारास आढळला, त्यावरून हे नाव पडले. मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, आणि दोन-चार दिवसांत सबंध वस्तीतील खुराडी ओस पडतात. त्यावर औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरोची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान आर-टू-बी लसीची सुई व देवीची लस, असा साधारण क्रम आहे. स्थानिक पशुवैद्यांनी त्यात बदल सुचविल्यास तो पाळावा. लस बर्फ घातलेल्या थर्मासातून आणावी, उन्हात धरू नये, कालविल्यानंतर दोन तासांच्या आत संपवावी व आजारी पिल्लास देऊ नये. एका घरापुरती कुपी फोडणे परवडत नाही. त्यासाठी वाडीतील सर्वांनी एकच सकाळ ठरवावी. नाहीतरी शेजारचे खुराडे लसीवाचून राहिले तर धोका राहतोच.

पिल्लांचे काम आधी, मोठ्या कोंबड्यांचे मागाहून, हा क्रम मोडू नये. मोठी कोंबडी निरोगी दिसत असूनही रोग वाहून आणू शकते. एकाएकी अनेक पक्षी मेले तर ते उकिरड्यावर वा ओढ्यात न फेकता दवाखान्यास तत्काळ कळवावे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात तो पुन्हा दिसला. अशा वेळी लपवालपवी करणाऱ्याचे नुकसान शेजाऱ्यासही भोगावे लागते.

अंगणात

भोरच्या त्या घरी पहिल्या दोन आठवड्यांत तीन पिल्ले गेली. एक रात्र वीज नव्हती; सासूबाई व सून आळीपाळीने विटा तापवीत बसल्या, त्या रात्री एकही मेले नाही. चौथ्या आठवड्यात घुशीने एक ओढून नेले, तेव्हा घरधन्याने पडवीस बारीक जाळी मारली. मोठ्या भोकांची जाळी कोंबडीला अडविते, मुंगसाला व घुशीला नाही.

सहा आठवडे पुरे झाल्यावर पिसे भरली, दिवे काढले. पहिले तीन दिवस पिल्ले दुपारनंतरच बाहेर सोडण्यात आली, म्हणजे फार लांब न जाता अंधार पडण्यापूर्वी ती परततील. संध्याकाळी खुराड्याच्या तोंडाशी मूठभर खाद्य टाकून एकाच हाकेने बोलावण्याची सवय लावण्यात आली. मोकळ्या अंगणात घारीने दोन उचलली. पावसाळ्यास सुरुवात झाली तेव्हा चव्वेचाळीस पक्षी खुराड्यात होते. त्यांतील एकवीस कोंबडे निघाले. ते आखाडाच्या बाजारात विकून बचत गटाचे दोन्ही वर्षांचे कर्ज फिटले, आणि तेवीस तलंगा अंड्यांसाठी घरी राहिल्या.